न केलेला विनोद

बाबा,

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, आणि तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत, आणि आपल्या घरात तर फारसं बोलतही नसत. आज लिहायला बसले आहे ती भांडायला. जिवंत माणसाशी भांडताना एक मोठी अडचण असते, ती म्हणजे तो मध्येच बोलतो. तुमच्या बाबतीत ती अडचण उरलेली नाही, आणि याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

आधी नोकरी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकवण्या घेत होते आणि तुम्ही वस्तीभर 'पोरगी प्रोफेसर होनार' असं सांगून ठेवलं होतं. ते काही झालं नाही. विमानतळाच्या पलीकडे, जिथं तुमच्या वेळी सायकलवाला माणूससुद्धा कारणाशिवाय जात नसे, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर मी बसते. निरनिराळ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं अडचण आली की फोन करतात. ते फोन आमच्याकडे येतात. फोनवर बसणाऱ्या मुलामुलींनी काय बोलावं याचे नमुने मी लिहून देते, आणि त्यांची रेकॉर्ड झालेली बोलणी ऐकून त्यांना गुण देते. संस्कृतात एम.ए. केलेला माणूस शेवटी कुठं पोचतो असं तुम्ही विचाराल, तर तो 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' या वाक्यापाशी पोचतो. हे वाक्य मी आजवर चौदा प्रकारे लिहिलं आहे. दिलगीर कोणीच नसतं.

अशा ऑफिसात काम येणं पुरेसं नसतं, मिसळावं लागतं. त्याला तिथं 'कल्चर' म्हणतात. शुक्रवारी रंगीत कपडे घालायचे, वाढदिवसाचा केक खायचा कमी आणि एकमेकांच्या तोंडाला फासायचा जास्त, आणि वरच्या माणसानं विनोद केला की हसायचं. जुन्या शास्त्रकारांनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. उत्तम माणूस नुसतं स्मित करतो, त्याचे दातही दिसत नाहीत; मधला थोडा आवाज करतो; आणि अधम माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरधरून हसतो. एम.ए.ला हे मला पाठ होतं, पण कळलं नोकरीला लागल्यावर. हे काही स्वभावाचं वर्णन नाही, ही हुद्द्यांची उतरंड आहे. साहेब विनोद करतात आणि स्मित करतात. कुशी धरायचं काम खालच्यांचं, आणि जितका खालचा तितका मोठ्यानं.

मी तिथं रुळले ती विनोदावर. ऑफिसात मला 'संस्कृत मॅडम' म्हणतात. कॉफीच्या मशीनला मी 'कषाययंत्र' असं नाव दिलं, ते आता शिपाईसुद्धा वापरतो. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्याच कामाची तारीफ लिहून द्यायची असते, त्याला 'आत्मस्तुती'. महिन्याच्या बैठकीला 'दीर्घसत्र', कारण ती यज्ञासारखी लांबते आणि शेवटी कोणाचा तरी बळी जातो. लोक हसतात. पण बाबा, एक गोष्ट आहे जी मी कोणाला सांगितली नाही आणि तुम्हाला सांगायचीही गरज नाही. संस्कृत येतं म्हटल्यावर लोक माझ्याबद्दल काहीतरी धरून चालतात. मग कधीतरी आडनाव कळतं. मग क्षणभर सगळं थांबतं. कोणी वाईट बोलत नाही, माणसं सभ्य आहेत. फक्त चहाचा कप ओठांपाशी धरून जराशी थांबतात. तो क्षण लांबला तर पुढं काय होतं, हे मला कधीच पाहायचं नव्हतं. म्हणून मी त्यात चटकन एक विनोद टाकते. लोक सुटतात, मीही सुटते. एकोणीस वर्षं मी तेच करत आले. आणि हे मी कुठं शिकले, ते आता काढते.

मी सातवीत आहे. मे महिन्याची दुपार, आई तापानं पडलेली, तुम्ही सकाळी डब्याशिवाय निघून गेलेले. दुपारी मावशीनं भाकरी-भाजी बांधून दिली आणि मी डबा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, तुम्ही शिपाई आहात त्या ऑफिसात आले आहे. साहेबांच्या दारावर वाळ्याची ताटी, ओली, तिच्या कडेच्या फटीतून आतलं दिसतं. आत साहेब आहेत, बडेबाबू आहेत, बाहेरगावचे दोन पाहुणे आहेत. साहेब म्हणतात, "अरे, तो अर्जवाला म्हातारा करून दाखव ना यांना." आणि तुम्ही करून दाखवता. पायांत नसलेल्या चपला दाराबाहेर काढता. डोक्यावरची नसलेली टोपी काढता, आधी मधोमध दुमडता, मग आडवी, मग काखेत धरता. कमरेत वाकता. दोन पावलं पुढं येता, एक मागं जाता. खोकता. "मायबाप, एवढा कागद पाहा जी," म्हणता, आणि कागद उलटा धरता. पाहुण्यांपैकी एकाच्या नाकात चहा जातो.

तो खोकला मी ओळखते. टोपीची घडी तर ओळखतेच. मौद्याकडच्या आपल्या गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी पाहिलेली. तुम्ही आबाजीची नक्कल करत होतात. स्वतःच्या वडिलांची. छप्पन्न साली गावातल्या माणसांबरोबर चालत नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेलेल्या माणसाची, जो त्यानंतर पाटलाच्या ओट्यापुढून चपला घालून जायला लागला आणि कोणासमोर वाकला नाही असं आई सांगायची. म्हणजे टोपी आबाजीची होती, खोकला आबाजीचा होता. वाकणं त्यांचं नव्हतं. ते तुम्ही पदरचं घातलंत.

त्या रात्री स्वयंपाकघरात तुम्ही नेहमीसारखे गप्प जेवत होतात. मावशी वाढत होती. मी विचारलं, "तुमी आबाजीची नक्कल काहून केली?" तुम्ही घास परत ताटात ठेवलात. "तुले कोनं सांगतलं होतं ताटीतून पाहाले?" म्हणालात. मग माझ्याकडे न बघता: "हसनारा मानूस मारत नाही. साहेब हसला का त्या दिवशी माह्यावर वरडत नाही. तू बी शिकून घे. आपल्यावर कोनी हसून राहिला का त्याच्यात आपन बी हसून घ्याचं, म्हंजे रुतत नाही." आणि मावशीला, "वाढ वं भाजी." एवढंच. घरी तुम्ही एकही विनोद केल्याचं मला आठवत नाही. सगळा माल ऑफिसात खपत असावा.

न्यायानं सांगायचं तर तुमच्या विनोदावर मी शिकले, हेही नाकारता येत नाही. आठवीत संस्कृत घ्यायचं ठरलं ते तुमच्या हट्टानं. मला चित्रकला हवी होती. हेडमास्तर जुन्या नागपुरातल्या महाल भागातले, पिढीजात शास्त्र्यांच्या घरातले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार मायेनं म्हणाले, "संस्कृत अवघड जातं हो. पाठांतर फार. हिला झेपेल का?" आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "सर, या पोरीनं माह्या सासूच्या शिव्या पाठ केल्या, एकीचाबी अर्थ न समजता. संस्कृतात बी तसंच करा लागते म्हन्तात." हेडमास्तर एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुसून झाल्यावर त्यांनी सही केली. मी त्या वर्गात बसले ती आजीच्या शिव्यांच्या शिफारशीवर. पुढं एम.ए.ला असताना मी तुम्हाला सांगितलं होतं की जुन्या नाटकांत राजाबरोबर एक विदूषक असतो, त्याला राजा काहीही बोलू देतो आणि सगळे त्याच्यावर हसतात. तुम्ही जोडा पॉलिश करत होतात. बराच विचार करून विचारलंत, "त्याले पेन्शन होती का?" तो विनोद होता की चौकशी होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्याकडे फोनवर एक मुलगी आली, नरखेडकडची. वय तेवीस-चोवीस. घरी आई, थोडी संत्र्याची झाडं, आणि एक काका, ज्यांनी तिला नोकरीसाठी नागपूरला पाठवताना सांगितलं होतं की सहा महिन्यांत पक्की झाली नाहीस तर गुमान परत ये, पोरगा पाहून ठेवला आहे. म्हणजे नोकरी पक्की होणं न होणं याच्यावर तिचं सगळंच होतं. तिच्याकडे पीकविम्याच्या अ‍ॅपचे फोन यायचे. एके दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. झाडांचे फोटो अ‍ॅपवर चढत नव्हते. मागं धडधड आवाज, दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईना. आमच्या नमुन्यात अशा वेळी 'आपला आवाज स्पष्ट येत नाही, कृपया पुन्हा संपर्क करा' असं म्हणायचं आहे. तो नमुना माझाच. ही मुलगी म्हणाली, "काका, मागं मोटर चालू आहे का? पहिले ते बंद करून या. मी थांबते." काका विहिरीकडे गेले. आमच्याकडे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त शांतता हा दोष धरतात. ही चार मिनिटं थांबली. मग धापा टाकत आवाज आला, "आहे का वं बाई तू?" आणि ही म्हणाली, "हाव काका, इथंच आहे." मग दहा मिनिटांत फोटो चढले.

रेकॉर्डिंग ट्रेनिंगमध्ये वाजवलं गेलं, आणि मजला हसून हसून आडवा झाला. 'मोटर बंद करून या' हा ऑफिसचा मंत्रच झाला. बैठकीत कोणी फार बोललं की, "सर, मोटर बंद करा." ती डबा घेऊन कॅन्टीनमध्ये आली की कोणीतरी तोंडानं धडधड आवाज काढायचं. वाईट मनानं कोणी करत नव्हतं, बाबा. तुमचे साहेबही वाईट मनाचे नव्हते. दिवाळीला त्यांनी तुम्हाला नेहमी बोनसच्या वर मिठाई दिली.

वर्धापनदिनाला आमच्याकडे फिशपाँड असतात. कॉलेजातली जुनी पद्धत आहे. प्रत्येकाबद्दल एक टोमणा चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं नाही, आणि भर सभेत ती चिठ्ठी वाचायची. ज्याच्यावर असेल त्यानं उठायचं, हसत हसत पुढं यायचं, आपली चिठ्ठी घेऊन जायची. त्यात गुन्हा एकच, न हसणं. चिठ्ठ्या निनावी असतात, पण गेली सहा वर्षं सगळ्या मीच लिहिते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि वाचतेही मीच. आमचे मॅनेजर पुण्याहून आलेले, चाळिशीच्या आतले, बोलायला गोड. ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, या वर्षीचा हायलाइट ठरला. आधी ती मोटरची क्लिप लावू आणि मग तिच्यावर तुमचा फिशपाँड. तुमच्या स्टाइलमध्ये, दोनच ओळी."

"तिला विचारलंय?"

"सरप्राइज आहे ना! आणि खरं सांगू का, तिच्याच फायद्याचं आहे. पुढच्या महिन्यात तिचं कन्फर्मेशन आहे. शेरा आलाय, कम्युनिकेशन वीक, कल्चर फिट डाउटफुल. वरची मंडळी त्या दिवशी येणारेत. तिनं सगळ्यांसमोर स्पोर्टिंगली घेतलं तर मला तिच्या बाजूनं बोलायला जागा राहील. नाहीतर अवघड आहे. तुम्ही तिला जरा तयार करा ना. फार काही नाही, नुसतं हसायचंय."

मी तिला तयार करायला गेले. हे लक्षात ठेवा. भांडायला निघालेली मी, आधी तिला तयार करायला गेले. ती कॅन्टीनमध्ये खिडकीपाशी जेवत होती. मी सगळं सांगितलं, सरप्राइजसकट.

"हसायला काही नाही मॅडम," ती म्हणाली. "दिवसभर फोनवर हसूनच राहिली मी. पन कशावर हसाचं ते सांगा ना."

"अगं, तू त्या काकांना मोटर बंद करायला पाठवलंस."

"हो. ऐकू येत नव्हतं."

"आणि चार मिनिटं थांबलीस."

"विहीर लांब असते मॅडम."

"फोन ठेवून त्यांना परत लावायला सांगता आलं असतं."

"दोन दिवसांनी लाइन लागली होती त्यांची. पुन्हा कधी लागली असती?" मग म्हणाली, "फोटो चढले ना पन. मंग हसाचं कुठं?"

सहा प्रकारचं हास्य पाठ असलेल्या मला एक जागा दाखवता येईना. विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात. हा मेला नाही. मी उघडून पाहिलं तर तो आत नव्हताच. आणि मग, बाबा, माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं, जसंच्या तसं, फक्त शुद्ध करून. "लोक हसले की आपणही त्यात हसून घ्यावं. म्हणजे रुतत नाही."

तिनं विचारलं, "तुमाले नाही रुतत?"

मी म्हटलं, "माझी कातडी एम.ए. आहे."

ती हसली नाही. डबा बंद केला आणि म्हणाली, "ब्रेक संपला मॅडम."

मॅनेजरना मी सांगून आले की तिच्यावर चिठ्ठी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पर्सनली घेताय." मी म्हटलं, "हो, घेतेय. दुसरी कोणती घ्यायची पद्धत मला शिकवलेली नाही." त्यांनी हात जोडले, हसून म्हणाले, ठीक आहे, चिठ्ठी नको, नुसती क्लिप लावू, बाकी कार्यक्रम तुम्हीच चालवा. मी हो म्हटलं. माझ्या बंडाला अशा मर्यादा होत्या.

वर्धा रोडवरचा हॉल. पुढच्या रांगेत वरची मंडळी, मागं फोनवर बसणारी दीडशे पोरं-पोरी, मंचावर मी आणि माइक. मॅनेजरवरचा फिशपाँड झाला, त्याला ते चांगले हसले. मग क्लिप लागली. एवढ्या मोठ्या आवाजात ती विहिरीवरची मोटर हॉलभर धडधडली. लोक आधीच हसायला लागले. "आहे का वं बाई तू?" यावर स्फोट झाला, आणि मग एका सुरात, "मोटर बंद करा! मोटर बंद करा!" दिव्याचा झोत तिच्यावर आणला. ती उठली. रीतीप्रमाणे पुढं आली. मंचावर चढली आणि नसलेल्या चिठ्ठीसाठी हात पुढं करायच्या ऐवजी तिनं माझ्या हातातला माइक घेतला.

"सर, मी हसते," ती म्हणाली. रागानं नाही, फॉर्ममधला एखादा रकाना कळला नाही तर आपण खिडकीवर विचारतो तशी. "फक्त याच्यात हसायचं कुठं आहे ते कोणीतरी सांगा. म्हणजे मी तिथं हसते."

आणि ते आलं. एकोणीस वर्षं मी ज्याच्यात विनोद टाकत आले ते थांबणं. दोनशे माणसं एकदम थांबली, आणि मग सगळ्यांचे चेहरे सावकाश माझ्याकडे वळले, कारण अशा वेळी मॅडम काहीतरी बोलतात हे ठरलेलं आहे. मॅडम काही बोलल्या नाहीत. मी पहिल्यांदा तो क्षण शेवटपर्यंत पाहिला, बाबा. तुम्हाला सांगते, त्यात काहीही होत नाही. छत पडत नाही, कोणी मारायला धावत नाही. एसीचा आवाज येतो. मोठ्या साहेबांनी स्मित केलेलं होतं, आणि ते आता कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. मॅनेजर बुटांकडे पाहू लागले. मग मागून, फोनवर बसणाऱ्यांतून कोणीतरी ओरडून विचारलं, "पन काकाचे फोटो चढले का?" "चढले," ती म्हणाली, माइक टेबलावर ठेवला आणि खाली जाऊन बसली. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. जेवण लागल्याचं जाहीर झालं आणि सगळे सुटल्यासारखे ताटांकडे गेले.

पुढच्या आठवड्यात तिच्या कागदावर माझी सही हवी होती. भाषेचे गुण मी देते. दहापैकी चार द्या असं सुचवलं गेलं. मी दहा दिले. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यावं म्हणून ही थांबली. नमुन्यात ही सोय नव्हती. दोष नमुना लिहिणाऱ्याचा आहे. तो दुरुस्त करावा.' नमुना लिहिणारी मी, हे सगळ्यांना माहीत. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी किती जॉली होतात." मी म्हटलं, जॉली असणं कामाचा भाग होतं हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्याचंही वेगळं काही मागितलं असतं. समारंभ समितीतून माझं नाव निघालं आहे. आता केकच्या वेळी मला उशिरा बोलावतात. क्रीम तोंडाला लागत नाही, हा फायदा.

ती पक्की झाली. पण तिला फोनवरून काढून टायपिंगवर बसवलं. गिऱ्हाइकांना लेखी उत्तरं देते आता. नोकरी ठेवली आणि आवाज काढून घेतला. ती म्हणते, "राहिली ना मॅडम नोकरी. घरी काकाले फोन करून सांगतलं, पक्की झाली म्हनून. पोराचा फोटो वापस पाठवला." तिला परत फोनवर घ्या असं मी लेखी दोनदा कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. तिसऱ्यांदा लिहीन. मग चौथ्यांदा. मला लिहिता येतं, त्यासाठीच त्यांनी ठेवलंय.

तेव्हा बाबा, तुमचं चुकलं. हसणारा माणूस मारत नाही, हे खरं; पण हसताना तो ऐकतही नाही. त्या दिवशी वाळ्याच्या ताटीआड साहेब, बडेबाबू, पाहुणे, एवढे लोक होते, आणि आबाजीचा अर्ज काय होता हे कोणी विचारलं नाही. तुमच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला कळतं. दारात स्टूल, डोक्यावर घंटी, आणि शिकवायची एक मुलगी. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. खरं म्हणजे चौथ्या मजल्यावर एसीत बसून एकोणीस वर्षं हेच केलं. कळतं, पण मान्य नाही. कळल्यावर मान्य करायलाच हवं असा नियम तुम्ही शिकवलेला नाहीत, म्हणून तो मोडल्याचा दोषही माझ्याकडे येत नाही.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत. जिथं तुम्ही आहात किंवा नाही, तिथं टपाल जात नाही, आणि गेलं असतं तरी तुम्ही ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं असतंत आणि त्यानं गावभर सांगितलं असतं. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. तो कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी ताट घेऊन माझ्याजवळ आली होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मध्ये बोलल्या नाही ना, म्हणून झालं." मी मान हलवली. ऑफिसातही आता असंच मानतात की मॅडमनी ठरवून तिची बाजू घेतली, शांतपणे, तिच्याकडे हात करून उभ्या राहिल्या.

हात केला होता. तो मी माइक परत मागायला केला होता, बाबा. विनोद तयार होता, ओठांवर आला होता. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, आणि माइक दिला नाही. त्यानंतर तो हात मागं घ्यायचं मला सुचलं नाही, एवढंच माझं शौर्य.

विनोद चांगला होता. कोणता, ते तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही हसला असतात.